इंदूरचे पाणी आणि नर्मदेचे मुख



राजवाड्याजवळून वाहणारी कान्ह नदी क्षिप्रा, चंबळ व यमुना यांच्या मार्गाने गंगेस मिळून पूर्वसमुद्राकडे जाते. परंतु १९७८ पासून या शहराची तहान भागवीत आली आहे ती पश्चिमवाहिनी नर्मदा. जलूद येथे उपसलेले तिचे पाणी वापरानंतर कान्हेच्या खोऱ्यात उतरते. ते नर्मदेस परत मिळत नाही.

सुमारे १,३१२ किलोमीटर वाहून नर्मदा भडोचपुढे खंबातच्या आखातास मिळते. तेथे भरतीचे खारे पाणी व नदीचे गोडे पाणी एकत्र येते. पावसाळ्यात पाला अर्थात हिलसा मासा अंडी घालण्यास समुद्रातून नदीत चढतो. त्यावर मच्छीमारांचा चरितार्थ अवलंबून असतो. आलियाबेट येथील खराई उंट खाडीत पोहतात व खारफुटी चरतात. त्याच परिसरात दहेज व अंकलेश्वर येथील रासायनिक कारखाने आहेत.

वरच्या अंगास मोठी धरणे झाल्यावर गोड्या पाण्याचा ओघ घटला, खारेपणा आत सरकला आणि पाल्याची आवक रोडावली. या घटीत इंदूरच्या उपशाचा वाटा अल्प असेल. तथापि तो आहे. समुद्रास मिळालेले पाणी वाया गेले, ही समजूत भ्रामक होय. राजवाड्याच्या परिसरात वाचलेला प्रत्येक हंडा नर्मदेच्या मुखाशीही नाते सांगतो.