कर्बतंतूवर लेसरचा घाव



४ जानेवारी २००१ रोजी बंगळुरूच्या आकाशात स्वदेशी हलक्या लढाऊ विमानाने पहिली झेप घेतली. २००३ मध्ये त्याचे ‘तेजस’ असे नामकरण झाले. या विमानाच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के वाटा संमिश्र पदार्थांचा, मुख्यतः कर्बतंतूंचा आहे. पोलादाहून हलक्या आणि तरीही अत्यंत बळकट अशा या पदार्थाला सुबक भोक पाडणे मात्र महाकठीण.

एक कर्बतंतू जाडीने साधारण ७ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. असे असंख्य तंतू थरांवर थर रचून राळेने सांधलेले असतात. ड्रिलची धार त्यांवर लवकर बोथटते आणि पलीकडे निघताना शेवटचे थर उचकटते. पंखातील रिव्हेटच्या भोकाशी थर सुटले, तर तेथूनच तो भाग दुबळा होऊ लागतो.

लेसरकिरण पदार्थाला स्पर्शच करत नाही. मग धार झिजण्याचा प्रश्नच कुठे उरला? पण खरी अडचण येथेच सुरू होते. राळ तीनशे-चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास विघटित होऊ लागते, तर कार्बनची वाफ होण्यास साडेतीन हजार अंशांहून अधिक तापमान लागते. शिवाय तंतू आपल्या लांबीच्या दिशेने उष्णता झपाट्याने वाहून नेतो. परिणामी तंतू तुटेपर्यंत शेजारची राळ जळून गेलेली असते, आणि राळ गेली की उघडे पडलेले तंतू एकमेकांचा भार वाटून घेऊ शकत नाहीत.

कार्बन डायऑक्साइड लेसरचे जनक चंद्रकुमार पटेल हे मूळचे बारामतीचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९६४ मध्ये त्यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हा लेसर सिद्ध केला. उद्योगांत कापणीसाठी तो सर्वत्र रुजला. परंतु अखंड झोताने कर्बतंतू कापला, तर कडेला जळकी किनार उरते. येथे शक्ती वाढवून भागत नाही. वेळ आखडावा लागतो. चुलीतला निखारा गृहिणी चिमटीत धरून चटकन बाजूला सारते, तिचे बोट भाजत नाही. पिकोसेकंद लेसरचे तत्त्व याच जातीचे. सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात मोजला जाणारा स्पंद तंतूची वाफ करतो. उष्णतेला राळेपर्यंत पसरायला सवडच मिळत नाही. मात्र स्पंद फार लागोपाठ आले, तर ऊब साचत जाते. म्हणून किरण वेगाने फिरवून, मध्ये उसंत देत, त्याच रेषेवरून अनेकदा न्यावा लागतो.

त्यामुळे जाड पत्र्यास वेळ फार लागतो. विमानांच्या कारखान्यांत आजही मुख्य भार कठीण धातूच्या वा हिरा-लेपित ड्रिलवर आणि अपघर्षक जलझोतावर आहे, आणि ते योग्यच आहे. पातळ भाग व नाजूक आकार येथे लेसर सरस ठरतो.

या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या लघुउद्योजकांनी यंत्राच्या किमतीबरोबर धुराचाही हिशेब मांडावा. जळत्या राळेचे वायू विषारी असतात, आणि उडालेले कर्बतंतू वीजवाहक असल्याने यंत्राच्या विद्युत जोडण्यांत शिरून ती बंद पाडू शकतात. धूर कापणीच्या जागीच ओढून घेणारी व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी.