कीर्तिदालनाबाहेरचा बाळू

(अंथुर्णे येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



यात्रेत कुस्त्यांचा फड भरला आणि जुन्या मल्लांना फेटा-नारळ देण्याची वेळ आली की इंदापूर-बारामतीकडील गावांत वाद ठरलेलाच असतो. अमक्याला मान मिळाला, मग तमक्याला का नाही? अंथुर्ण्याच्या पारावरही असे वाद झाले असतील. पुढाऱ्याच्या मेहुण्याला फेटा मिळावा आणि ज्याने खरोखर मैदान गाजविले तो गर्दीत उभा राहावा, असेही प्रसंग घडतात. कार्यकर्ते अशा वादाला रिकामटेकड्यांची करमणूक समजतात. तसे समजू नये. कोणाचा पराक्रम स्मरणात ठेवावयाचा, हे ठरविण्याची सत्ता ही इतर सत्तांसारखीच एक सत्ता आहे.

हाच वाद जगाच्या फडावरही चालतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने २००९ साली निवृत्त खेळाडूंसाठी ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे कीर्तिदालन, सुरू केले. त्यात आरंभीच बेदी, गावसकर आणि कपिल देव आले. पुढे विनू मंकड २०२१ मध्ये व डायना एदलजी २०२३ मध्ये आल्या. यांपैकी एकाच्याही योग्यतेविषयी शंका नाही. परंतु ज्याला भारतीय क्रिकेटमधील पहिला थोर गोलंदाज म्हणावयास हवे, त्या बाळू पालवणकरांचे नाव तेथे नाही.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. परंतु ते घडले पुण्यात. चर्मकार कुटुंबातील हा मुलगा प्रथम पारशी मंडळींच्या मैदानावर महिना तीन रुपयांवर राबला. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागला. खेळपट्टीवर रोलर फिरवावयाचा, जाळी बांधावयाची आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकावयाचे, हे त्याचे काम. ग्रेग नावाच्या नामांकित इंग्रज फलंदाजाने त्याच्याकडून असा सराव करून घेतला. हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी ही साहेबांची मिरास होती. त्या चार रुपयांच्या चाकरीत डावखुऱ्या मंदगती गोलंदाजीची जी कला तयार झाली, ती पुढे साहेबांवरच उलटली.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरविण्यासाठी बाळू हवे होते. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू बिनदिक्कत झेलत. चेंडूला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर मातीच्या कुल्हडात चहा मिळे, आणि जेवणाचे पान वेगळे मांडले जाई. विकेटा सामाईक, पंगत निराळी! प्लेगच्या काळात ते मुंबईस गेले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता व त्यांचे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला आणि बहुतेक सामने हरला. त्या पराभूत संघाच्या या गोलंदाजाने दौऱ्यात ११४ बळी घेतले. हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना कधीच मिळाले नाही. ते धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले.

आता आक्षेप ऐका. कीर्तिदालन आंतरराष्ट्रीय कामगिरीसाठी आहे, आणि बाळू एकही कसोटी खेळले नाहीत. खरे आहे. भारताची पहिली कसोटी १९३२ सालची. त्या वेळी बाळूंचे वय ५६ होते. परंतु कसोटीचा दर्जा कोणत्या देशाला केव्हा द्यावयाचा हे ज्यांनी ठरविले, त्यांच्याच साम्राज्यात बाळू रोलर ओढीत होते. कसोटीचा दरवाजा बंद होता, तो खेळाडूच्या अपुरेपणामुळे नव्हे.

शिवाय हा नियम वाटतो तितका कठोर नाही. दक्षिण आफ्रिकेचे बॅरी रिचर्ड्‌स या दालनात पहिल्या तुकडीतच आले. ते कसोट्या किती खेळले? चार, साऱ्या १९७० सालच्या. त्यानंतर वर्णद्वेषी राजवटीवरील बहिष्कारामुळे त्यांच्या देशाचे क्रिकेट बंद पडले. रिचर्ड्‌स थोर फलंदाज होते, बहिष्काराला कारण झालेल्या धोरणात त्यांचा व्यक्तिशः दोष नव्हता, आणि त्यांचा समावेश योग्यच झाला. परंतु परिस्थितीने मैदान हिरावले म्हणून चार सामने पुरेसे मानता येतात, तर त्याच न्यायाने शून्य सामन्यांचाही विचार करावयास हवा.

अमेरिकेने तो केला आहे. तेथील बेसबॉलच्या कीर्तिदालनासाठी मोठ्या लीगमधील दहा हंगामांची अट होती, आणि १९४७ पर्यंत त्या लीगमध्ये काळ्या खेळाडूला प्रवेशच नव्हता. १९६६ साली टेड विल्यम्स या गाजलेल्या फलंदाजाने, स्वतःचा सत्कार स्वीकारताना, सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांनाही येथे जागा मिळावी असे जाहीरपणे म्हटले. १९७१ मध्ये पेजना घेतले, ते आधी वेगळ्या कप्प्यात ठेवण्याच्या बेताने. मातीच्या कुल्हडाचीच ही अमेरिकन आवृत्ती! लोकांनी गहजब केला आणि तो बेत सोडावा लागला. गिब्सन तर जानेवारी १९४७ मध्येच, दरवाजा उघडण्यापूर्वी तीन महिने, वारले होते. १९७२ मध्ये त्यांनाही घेतले. २०२४ मध्ये काळ्यांच्या लीगमधील आकडे अधिकृत नोंदीत मिळविण्यात आले, तेव्हा फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन साऱ्यांच्या वर निघाले.

येथे आपल्याच मंडळींना एक इशारा देणे अगत्याचे आहे. बाळूंनी अपमान सोसला म्हणून त्यांना दालनात घ्या, असे म्हणू नये. सोसणे ही गोलंदाजी नव्हे. मागणी करावयाची ती प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांतील १७९ बळींच्या जोरावर. दयेपोटी दिलेली जागा म्हणजे पुन्हा वेगळा कप्पाच.

दुसरा आक्षेप आपल्या गोटातलाच आहे. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. मग त्यांचा गौरव आम्ही का मागावा? त्यांची ती भूमिका चूक होती असे म्हणावयास पूर्ण वाव आहे. पण कीर्तिदालन म्हणजे पक्षाची सभासद-नोंदवही नव्हे. मतभेदाची किंमत एकदा मतपेटीत चुकती झाली. ती चेंडूफळीच्या हिशेबातून पुन्हा वसूल करणे अन्याय्य आहे.

आणि उशीर? बाळू १९५५ मध्ये गेले. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवले होते. १९८४ मध्ये खाशाबा अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार आला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. ते हयात होते म्हणून ती त्यांच्या हाती तरी पडली.

अंथुर्ण्यापासून आंतरराष्ट्रीय परिषदेचे कार्यालय दूर आहे, तालुक्यातील जुन्या मल्लांची घरे दूर नाहीत. राज्य शासन निवृत्त मल्लांना मानधन देते, पण अर्जाबरोबर दाखला लागतो. आणि ज्याने साऱ्या कुस्त्या जत्रांतच मारल्या त्याच्याजवळ दाखला कोठून असणार? कार्यकर्त्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे. कोणत्या गावची जत्रा, कोणते साल, समोर कोण, कुस्ती निकाली की बरोबरीत, आणि पाहणारा साक्षीदार कोण, एवढे पाच रकाने पुरेत. यंदाच्या यात्रेत फेट्यांची यादी तयार होईल तेव्हा ती वही पंच-कमिटीपुढे ठेवावी, आणि त्याआधी बाळूंच्या नावाचा ठराव करून क्रिकेट नियामक मंडळाकडे पाठवावा.