'त्यांची संस्कृतीच तशी' म्हणण्याआधी
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



'स्थलांतर आणि अल्पसंख्याक' या विषयावर बोल, असं मला सांगण्यात आलं. व्याख्या आणि आकडे फळ्यावर लिहिण्यापेक्षा एका संशोधक बाईंच्या कामाबद्दल बोलावं असं मी ठरवलं. त्यांचं नाव अवतार ब्राह. (नावावरून पुरुष वाटेल, पण शिखांमध्ये अशी नावं बाईबाप्यांची सारखीच असतात.) 'डायस्पोरा' म्हणजे मूळ देशाबाहेर विखुरलेला समाज. त्यावरचं त्यांचं 'कार्टोग्राफीज ऑफ डायस्पोरा' हे पुस्तक १९९६ साली आलं. विद्यापीठांत त्याचा मोठा दबदबा आहे. भाषा जड आहे, हेही सांगून टाकते. पण ते ज्या कामातून उभं राहिलं ते काम तुमच्या-माझ्या ओळखीचं आहे.

ब्राह यांचा जन्म पंजाबातला, बालपण युगांडातलं. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून मजूर नेले. मागोमाग दुकानदार, कारकून, मास्तर गेले. तिथल्या समाजाची उतरंड सरळ होती. वर गोरे, मध्ये आशियाई, खाली ज्यांचा देश ते आफ्रिकन. मधल्या पायरीवर बसलेल्यांना वरून लाथ बसते आणि खाली द्यायची सवय लागते. जातीच्या समाजात वाढलेल्या आपल्याला हे समजावून सांगायला नको.

अमेरिकेत शिकायला जाण्यासाठी त्यांची शिष्यवृत्तीची मुलाखत झाली. समोरच्या अमेरिकन माणसाने विचारलं, तुम्ही आफ्रिकन की भारतीय? युगांडात वाढलेली मुलगी दोन्ही असू शकते, हे त्याच्या डोक्यात बसत नव्हतं. प्रश्न साधा वाटतो, पण तो विचारण्याचा अधिकार कुणाला असतो ते बघा. मुंब्र्यातल्या बाईला 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' असं किती वेळा विचारलं जातं, आणि पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या बाईला किती वेळा?

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे २८,००० लोक ब्रिटनमध्ये आले. लेस्टर शहराच्या नगरपालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की आमच्याकडे जागा नाही, येऊ नका. ब्राह त्या वेळी शिक्षण संपवून ब्रिटनमध्ये होत्या. परत जायला युगांडात घर उरलं नव्हतं. पुढे त्यांनी लिहिलं, की घराची ओढ आणि मायदेशी परतण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपलं म्हणावं असं ठिकाण प्रत्येकीला हवं असतं. ते आजोळच्या गावातच असलं पाहिजे, असं नाही.

त्यांनी पीएच.डी.साठी विषय घेतला पश्चिम लंडनमधल्या साऊथॉलच्या आशियाई आणि गोऱ्या किशोरवयीन मुलांचा. साऊथॉल म्हणजे पंजाबी कामगारांची वस्ती. बाया जवळच्या हीथ्रो विमानतळावर साफसफाई करायच्या, विमानातल्या जेवणाच्या थाळ्या भरायच्या. (आपलं सरकार २००३ पासून ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस साजरा करतं. व्यासपीठावर उद्योगपती आणि डॉक्टर असतात. थाळ्या भरणारी बाई मला तरी त्यात कधी दिसलेली नाही.)

त्या काळात ब्रिटनमधले शिक्षक, समाजसेवक, अधिकारी एक ठरलेलं वाक्य बोलायचे, की ही मुलं दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडली आहेत. मुलगी गप्प असली की कात्री, घरातून पळाली की कात्री, शाळा सोडली तरी कात्री. ब्राह यांनी हे मानायला नकार दिला. घरोघर मुलं आईबापांशी भांडतात. गोऱ्या घरात भांडण झालं तर पिढ्यांचं अंतर म्हणतात, आशियाई घरात झालं तर संस्कृतीचा दोष, असं का?

हाच धागा त्यांनी पुढे नेला. मुस्लिम तरुणी नोकरीत कमी का दिसतात, यावर त्यांनी सोबिया शॉ यांच्याबरोबर केलेला अभ्यास १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या रोजगार खात्याने प्रसिद्ध केला. उत्तर सगळ्यांना आधीच 'माहीत' होतं, ते म्हणजे धर्म आणि पडदा. या दोघींनी मुलींनाच विचारलं. तेव्हा बाकीचं सगळं पुढे आलं. बंद पडलेले कारखाने, भेदभाव करणारे मालक, मुलींकडून फारशी अपेक्षा न ठेवणारी शाळा, लहान भावंडं आणि आजारी माणसं सांभाळण्याचं काम. घरच्यांचा दबावही होता, तो त्यांनी झाकला नाही. पण तेवढंच कारण धरलं की मालक सुटतो, शाळा सुटते, सरकार सुटतं.

संशोधन एकीकडे आणि चळवळ दुसरीकडे, असं त्यांनी ठेवलं नाही. एप्रिल १९७९ मध्ये साऊथॉलमध्ये वंशवादी पक्षाच्या सभेविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या मारहाणीत ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला. त्याच वर्षी 'साऊथॉल ब्लॅक सिस्टर्स' हा बायकांचा गट उभा राहिला. संस्थापकांत ब्राह होत्या. यात आशियाई आणि आफ्रिकन-कॅरेबियन बाया एकत्र होत्या. 'ब्लॅक' हा शब्द त्यांनी कातडीचा रंग म्हणून घेतला नव्हता, एकत्र लढण्यासाठी घेतला होता, जसा आपल्याकडे 'दलित' हा शब्द घेतला गेला.

या गटाची कोंडी आपण ओळखतो. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोललं की समाजाचे पुढारी म्हणणार, बाहेर वंशवादी टपून बसलेत आणि तुम्ही घरची भांडणं चव्हाट्यावर आणता. गप्प बसलं की बाई मरते. १९८४ मध्ये साऊथॉलमधली एक बाई छळाला कंटाळून गेली, तेव्हा त्यांनी तिच्या नवऱ्याच्या घरासमोरच निदर्शनं केली. दिल्लीतल्या बायांनी १९७९ मध्ये हुंडाबळीच्या प्रकरणात सासरच्या दारासमोर हेच केलं होतं. सरकारशीही त्या भांडल्या. लग्न करून ब्रिटनमध्ये आलेल्या बाईने वर्षाच्या आत नवरा सोडला तर तिला देशाबाहेर काढत. मार खा, नाहीतर परत जा. अनेक वर्षांच्या मोहिमेनंतर १९९९ मध्ये हिंसाचार सिद्ध करू शकणाऱ्या बायांना सवलत मिळाली. पुरावा कुठला मानायचा यावर पुढे वाद चालूच राहिला, तो वेगळा.

ब्राह नंतर बर्कबेक महाविद्यालयात शिकवू लागल्या. तिथे दिवसभर नोकरी करणारी माणसं संध्याकाळी शिकायला येतात. पुस्तकातली त्यांची मुख्य कल्पना मी माझ्या शब्दांत सांगते. स्थलांतराचा अभ्यास म्हणजे फक्त आलेल्यांचा अभ्यास नव्हे. आधीपासून राहणाराही त्यात बदलतो, त्याचीही 'स्थानिक' ही ओळख त्यातूनच घडते. मग 'ते आपल्यात मिसळतात की नाही' हा प्रश्न लंगडा ठरतो. आपण कुणाला घर भाड्याने देतो, कुणाला नाही, हाही अभ्यासाचा विषय होतो. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली किती मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला गेली. 'ते लोक एकत्रच राहतात' असं म्हणणाऱ्यांनी त्यांना दुसरीकडे घर कुठे मिळालं असतं, तेही सांगावं.

आता कामाचं. शाळा सोडलेल्या मुलींच्या सर्वेक्षणासाठी निधी देणाऱ्यांकडून छापील प्रश्नावली आली आहे. 'शाळा का सोडली?' या प्रश्नाखाली पहिलाच पर्याय आहे 'समाजाची पद्धत'. शाळेचं अंतर, संडास, रिक्षाचं भाडं, आईची पाळी असलेलं काम, वर्गात ऐकावे लागणारे टोमणे, यातलं काहीच छापलेलं नाही. सगळं 'इतर'मध्ये एका ओळीत बसवायचं. तो पर्याय काढून टाकावा, असं काही जणींचं म्हणणं आहे. मला तो ठेवावासा वाटतो, कारण लवकर लग्न लावण्याचा दबाव खरा आहे. पण त्याच्या शेजारी मोकळी जागा हवी, 'हे कोण म्हणालं?' एवढं लिहायला. मुलगी म्हणाली, वडील म्हणाले, की मास्तर म्हणाले? चहानंतर गटात बसू तेव्हा प्रश्नावलीच्या प्रती सगळ्यांकडे असतील. पेन्सिली आणल्या आहेत.