काळ्या टी-शर्टमागचं एच-ॲसिड

परवा नवा काळा टी-शर्ट भिजवला आणि बादलीतलं पाणी शाईसारखं झालं. आई म्हणाली, "रंग कच्चा आहे." मला प्रश्न पडला, हा काळा रंग येतो कुठून?

सुती कापडावर खूप वापरला जाणारा एक काळा रंग म्हणजे 'रिॲक्टिव्ह ब्लॅक ५'. त्याच्या रेणूच्या मधोमध असतं एच-ॲसिड. दिसायला करडी पावडर. आणि ती बनते नॅफ्थॅलीनपासून, म्हणजे ज्याच्या डांबरगोळ्या आपण कपाटात ठेवतो ना, त्यापासून!

डांबरगोळी पाण्यात विरघळत नाही. पण नॅफ्थॅलीनवर सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया केली की त्याला सल्फोनिक गट जोडले जातात, आणि या गटांची पाण्याशी घट्ट दोस्ती. पुढे नायट्रिक ॲसिड, लोखंडाचा कीस, कॉस्टिक सोडा असे टप्पे पार पडले की एच-ॲसिड तयार.

याची खुबी काय? दुसरे रेणू याला दोन जागी जोडता येतात. आम्लात एका बाजूला, अल्कलीत दुसऱ्या बाजूला. त्यामुळे इतका गडद रंग मिळतो. सल्फोनिक गटांमुळे तो पाण्यात विरघळून धाग्यात शिरतो आणि सोडा घातला की तिथंच पक्का बसतो. जो बसत नाही, तो माझ्या बादलीत!

पण पाण्याशी असलेली हीच दोस्ती महागातही पडते. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथं एच-ॲसिड बनवलं गेलं. न्यायालयीन नोंदींनुसार सुमारे ३७५ टन मालामागे २,४४० टन गाळ निघाला. म्हणजे मालाच्या सहापटीहून जास्त! तो उघड्यावर टाकला. पावसाबरोबर विष जमिनीत मुरलं, विहिरींचं पाणी काळपट झालं. माणसंच काय, गुरंही ते पिऊ शकेनात.

१३ फेब्रुवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: ज्यानं घाण केली, ती निस्तरायचा खर्च त्यानंच द्यायचा. निकाल गाजला, पण विहिरी काही निकालानं स्वच्छ होत नाहीत.

मी काळा टी-शर्ट सोडणार नाहीये. पण तो फारच स्वस्त मिळाला, तर आता एक प्रश्न मनात येतोच: यातला सांडपाण्याचा खर्च कुणी भरला? कारखान्यानं, की एखाद्या गावाच्या विहिरीनं?

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!