शेवाळाचें नांव

पवनारच्या धाम नदीकांठीं सांचलेल्या संथ पाण्यावर हिरवे, बुळबुळीत पुंजके दिसतात. आपण त्या सर्वांस ‘शेवाळ’ म्हणून मोकळे होतों. सूक्ष्मदर्शकाखालीं मळसूत्री हरितपट्ट्यांवरून त्यांतील स्पायरोगायरा ही प्रजाति चटकन ओळखूं येते. शाळेंत तेवढ्यानें भागतेंहि. परंतु तिच्या शेंकडों जातींपैकीं ही कोणती, हें नुसता तंतु सांगत नाहीं. शेजारच्या तंतूंचा संयोग होऊन युग्मबीजाणु पिकावे लागतात. त्यांचा आकार, कवचाचा रंग व नक्षी पाहिल्यावांचून जाति ठरत नाहीं. मोहिंदरसिंग रंधावा यांच्या १९५९ च्या ग्रंथांतहि ह्या कुलाच्या जाति ओळखण्यास हींच लक्षणें लागतात. अंदाजानें दिलेलें नांव पुढील यादींत खरें म्हणून शिरतें. तेव्हां डबकें आटेपर्यंत दर आठवड्यास नमुना घ्यावा, आणि तोंवर बाटलीवर स्थळ, दिनांक व ‘जाति अनिर्णीत’ एवढेंच लिहावें.