रानात घर बांधताना

मंडळी, निवृत्तीनंतर गावाकडच्या रानात घर बांधायचं तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आहे. बांधा, पण नकाशा काढण्याआधी भर उन्हाळ्यात त्या रानातून एकदा चालत जा आणि जमिनीला पडलेल्या भेगा बघा.

खानापूरकडे तांबडी माती आणि जांभा. तिथे काळजी पावसाची. छपराला उतार भरपूर द्या. बैलहोंगल, सौंदत्तीकडचं काळं रान वेगळं. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि दरवर्षी घर थोडं उचलून परत खाली ठेवते. मग दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. ती प्लास्टरनं बुजवतात. आमच्या होमिओपॅथीत याला लक्षण दाबणं म्हणतात! काळी माती उकरून मुरमापर्यंत जा. ती फार खोल असेल तर तळाशी फुगीर केलेल्या खांबांचा पाया घ्या. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तो अशाच जमिनीसाठी विकसित केला. न्हाणीचं पाणी भिंतीपासून लांब न्या.

आता कागद. २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. मात्र नुसती राहण्यासाठी घर बांधायचं तर आधी जमीन बिनशेती करावी लागते. उतारा कन्नडमध्ये असतो. सभेत आपण मराठीसाठी भांडतो आणि कचेरीत न वाचता सही करतो. कन्नड जाणणाऱ्याला शेजारी बसवून नाव, सर्व्हे नंबर, बोजा ओळीनं वाचून घ्या.

आणि वाट कागदावर आहे का, ते विचारा. आज शेजारी बांधावरून गाडी सोडतो. उद्या त्याच्या मुलांच्या वाटण्या झाल्यावर रात्री ॲम्ब्युलन्स कुठून येणार?