पुराश्मयुगीन आहार आणि वेष्टनावरील अक्षरे

(रुग्णालयाच्या मधुमेही रुग्ण व नातेवाईक मेळाव्यात आहार विभागातर्फे दिलेले व्याख्यान)



आमच्या आहार सल्ला कक्षात अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "पॅलिओ आहाराने साखर आटोक्यात येते असे ऐकले, उद्यापासून सुरू करू का?" या प्रश्नामागची तळमळ खरी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेली असून सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणूनच या प्रश्नाला एका शब्दात उत्तर न देता त्याचा नीट विचार करू या.

पॅलिओ म्हणजे पुराश्मयुगीन. माणूस शेती करू लागला त्याला १० ते १२ हजार वर्षे झाली. त्यापूर्वीची लक्षावधी वर्षे तो शिकार, मासे, कंदमुळे, फळे व कवचाची फळे यांवर जगला. आपले शरीर त्या अन्नाला सरावलेले आहे आणि आजचे अनेक विकार नव्या अन्नामुळे जडले आहेत, असा विचार एस. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकी संशोधकांनी १९८५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडला. पुढे २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने हा आहार घरोघरी पोहोचवला. त्यात मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, बदाम-अक्रोड चालतात. धान्ये, डाळी व कडधान्ये, दूध व दुधाचे पदार्थ, साखर, वरून घातलेले मीठ आणि कारखान्यात तयार झालेले खाद्यपदार्थ वर्ज्य मानले जातात.

या विचारात तथ्य किती? पुराश्मयुगातील सर्व माणसे एकच आहार घेत नव्हती. समुद्रकाठचा माणूस मासे खाई, तर अन्यत्र कंदमुळांवर गुजराण होई. इटली, रशिया आणि झेक प्रजासत्ताक येथे सापडलेल्या सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीच्या दगडी साधनांवर वनस्पतींच्या पिठाचे कण आढळल्याचे २०१० साली जाहीर झाले. म्हणजे शेतीपूर्वीही माणूस पीठ करीत होता. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे जव, मसूर, कुळीथ मिळाले आहेत. तेव्हा धान्य आणि डाळ हे काही कालपरवा आलेले पाहुणे नव्हेत.

तरीही या आहाराच्या चाचण्यांचे निष्कर्ष दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. स्वीडनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयविकार आणि वाढलेली रक्तशर्करा असलेले २९ रुग्ण होते. १२ आठवड्यांनंतर, भूमध्यसागरी पद्धतीचा आहार घेणाऱ्या गटापेक्षा पॅलिओ गटाची शर्करा सहन करण्याची क्षमता अधिक सुधारली. अभ्यास लहान होता, हे मात्र ध्यानात ठेवावे. तेथीलच ७० स्थूल स्त्रियांवरील दुसऱ्या अभ्यासात पहिल्या सहा महिन्यांत पॅलिओ गटाची चरबी अधिक घटली, पण दोन वर्षांअखेर दोन्ही गटांतील तो फरक टिकला नाही. त्याच अभ्यासात पॅलिओ गटात आयोडीनची कमतरता दिसून आली. आयोडीनयुक्त मीठ आणि दूध दोन्ही सोडल्यावर हे घडणे स्वाभाविक होते.

आता आपल्या घराकडे वळू. उपवासाची सवय असलेल्या काही भगिनी म्हणतात, "धान्य सोडायचे ना, मग एकादशीसारखेच झाले." तसे नाही. शेंगदाणा हे शेंगवर्गीय पीक, वरई हे धान्य, दही-ताक दुधाचे; हे सारे पॅलिओत वर्ज्य. साबुदाणा तर निव्वळ कंदाचा स्टार्च आणि तोही कारखान्यात बनलेला. शुद्ध शाकाहारी माणसाने डाळ, उसळ, दूध एकाच वेळी सोडले तर प्रथिने येणार कोठून? कॅल्शियमसाठी दूध नाही आणि नाचणीही नाही, अशी स्थिती होते. म्हणून शाकाहारी कुटुंबांनी हा आहार जसाच्या तसा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून महत्त्वाची सूचना औषधे घेणाऱ्यांसाठी आहे. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी भाकरी-भात एकाएकी बंद केला आणि औषधाची मात्रा तीच ठेवली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, भोवळ ही त्याची लक्षणे आहेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना वाढीव प्रथिने आणि काही फळभाज्यांतील पोटॅशियम घातक ठरू शकते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये. या तिन्ही प्रकारच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज आहारात बदल करू नये.

मग या आहारातून सर्वांनी घेण्यासारखे काय? माझ्या मते त्याचा सर्वांत मोलाचा भाग मांसाहार नसून पाकिटबंद पदार्थांविषयीची सावधगिरी हा आहे. ती शाकाहारी-मांसाहारी, गरीब-श्रीमंत सर्वांना पाळता येते आणि तिला खर्च नाही. त्यासाठी वेष्टन वाचता आले पाहिजे.

प्रथम घटक पदार्थांची यादी पाहावी. नियमानुसार ज्याचे प्रमाण सर्वाधिक, त्याचे नाव सर्वांत आधी येते. 'नाचणी बिस्कीट' म्हणून घेतलेल्या पाकिटावर पहिले नाव गव्हाच्या मैद्याचे आणि दुसरे साखरेचे असेल, तर नाचणी नावापुरतीच आहे हे ओळखावे. साखरही अनेक नावांनी येते. ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज ही तिचीच भावंडे. माल्टोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून बनते आणि रक्तातील साखर लवकर वाढवते. ज्यांना पॅलिओ काटेकोर पाळायचा आहे त्यांनी यादीखालील ॲलर्जीची सूचना अवश्य वाचावी. गहू, दूध, सोया, शेंगदाणा यांचा उल्लेख तेथे सापडतो. आयएनएस क्रमांक दिसला म्हणून घाबरून जाऊ नये. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, तर ३०० म्हणजे 'क' जीवनसत्त्व.

दुसरे, पोषणमूल्यांचा तक्ता. त्यात १०० ग्रॅममधील आकडे आणि एका वाढपाचे आकडे असे दोन रकाने असू शकतात. वाढप लहान धरले की आकडा लहान दिसतो. समजा, १०० ग्रॅम बिस्किटांत वरून घातलेली साखर २४ ग्रॅम आहे आणि पुडा ७५ ग्रॅमचा आहे. पुडा संपवला तर १८ ग्रॅम साखर पोटात गेली. लेबलसाठी दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरतात. तिचा एक तृतीयांशाहून अधिक भाग चहाबरोबरच संपला. मिठासाठी सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणावे. फरसाणात १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते २ ग्रॅम मीठ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे.

तिसरे, पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांवर विसंबू नये. 'साखरविरहित' याचा नियमातील अर्थ १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक साखर नाही, एवढाच आहे. त्यात मैदा व तेल असू शकते. संहत रसात पाणी मिसळून केलेल्या पेयांवरील '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्याचा आदेश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिला, यावरून या अक्षरांची किंमत कळावी. लेबलवरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. घरातील शाळकरी मुलांना तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. आजी-आजोबांचे काम होईल आणि मुलांचेही शिक्षण होईल.

आरंभ कसा करावा, ते थोडक्यात सांगतो. पहिले दोन आठवडे स्वयंपाक आहे तसाच ठेवावा. फक्त गोड पेये, बिस्किटे, फरसाण आणि तयार नूडल्स घरात आणू नयेत. पुढील दोन आठवडे जेवणाचे अर्धे ताट भाज्यांनी भरावे. दुधी, पडवळ, दोडका, शेवगा, माठ, मुळा, काकडी या साध्या भाज्या पुरेत. त्यानंतर डॉक्टरांच्या संमतीने एका वेळच्या जेवणातील धान्य निम्मे करावे. मांसाहारी असल्यास त्या जागी अंडे किंवा बांगडा-तारलीसारखा मासा घ्यावा. शाकाहारींनी उसळ, दही ठेवावे. मग त्याला पॅलिओ हे नाव शोभले नाही तरी चालेल. आयोडीनयुक्त मीठ बेताने, पण अवश्य वापरावे. या काळात साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासून वहीत नोंदवावी.

पुराश्मयुगात परत जाणे कोणालाच शक्य नाही. परंतु आपल्या ताटात काय येते हे जाणून घेणे आपल्या हाती आहे. पुढील भेटीस येताना आपली नोंदवही आणि स्वयंपाकघरातील दोन-चार रिकामी पाकिटे जरूर घेऊन यावीत; ती आपण मिळून वाचू.